पोर्टेबल प्लेअरवर लॉसलेस: ‘फ्लॅक चालतं’ म्हणजे नेमकं काय काय चालतं?

मूळप्रत

प्लेअरच्या माहितीपत्रकात ‘फ्लॅक, अलॅक, वेव्ह सपोर्ट’ अशी एक ओळ असते. ही तिन्ही लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळता साठवणारी फाइल-रूपं. बहुतेक जण तेवढं वाचून कार्ड भरायला घेतात. पण त्या एका ओळीच्या पोटात पाच-सहा वेगवेगळे प्रश्न असतात. फाइलीचं वेष्टन प्लेअरला उघडता येतं का? आतला कोडेक (आवाज बिटांत बसवायची पद्धत) उलगडता येतो का, आणि किती बिट, किती किलोहर्ट्झपर्यंत? टॅग (गाण्याचं, गायकाचं नाव वगैरे) आणि चित्र वाचता येतं का? दोन ट्रॅकच्या मधे खंड पडतो का? उलगडलेले बिट जसेच्या तसे डॅकपर्यंत (बिटांपासून ऐकण्याजोगा संकेत बनवणाऱ्या चिपपर्यंत) जातात, की वाटेत कुणी त्यांना हात लावतं? यातल्या कुठल्याही जागी गडबड झाली तरी खापर फ्लॅकवर फुटतं, आणि लोक सगळा संग्रह एमपी३ करून मोकळे होतात. तसं होऊ नये म्हणून हा धागा.

सुरुवातीला एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १२८ जीबीचं कार्ड, त्यावर २१४ फ्लॅक फाइली. संगणकावर सगळ्या वाजतात, प्लेअरवर ९ नडतात:

– ४ फाइली ‘फॉरमॅट चालत नाही’ म्हणून वगळल्या जातात
– २ वाजतात, पण वेळ ०:०० दिसते आणि पुढे सरकवता येत नाही
– १ वाजताना अडखळते
– २ फाइलींचं चित्र पडद्यावर यायच्या वेळी प्लेअर काही सेकंद गोठतो

या नऊंचं निदान कसं करायचं ते जाणकारांनी सांगावं. बाकीचे मुद्देही इथेच येऊ द्या.

गंधार

निदानाआधी थोडे आकडे मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्यांच्याशी ताडून पाहता येईल.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, आणि चॅनल दोन. गुणाकार केला की १,४११.२ किलोबिट प्रतिसेकंद होतात, म्हणजे मिनिटाला सुमारे १०.६ एमबी. फ्लॅक केल्यावर साधारण ५० ते ७० टक्के उरतं. फ्लॅक मागच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक साठवतं. त्यामुळे एकटा गळा आणि तंबोरा असेल तर फाइल बरीच लहान होते. मास्टरिंगमध्ये दाबून दाबून मोठं केलेलं, अखंड दणदणाट असलेलं संगीत मात्र ७० टक्क्यांच्या वरही राहतं. सरासरी धरली तर तासाभराचा अल्बम ३५० ते ४०० एमबी होतो आणि १२८ जीबीच्या कार्डावर असे तीनशेहून जास्त बसतात.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ घेतलं तर कच्चा हिशोब मिनिटाला ३४.६ एमबी. इथे फ्लॅकला तितकं आकुंचन साधत नाही, कारण २४पैकी खालचे बिट बहुतेक वेळा निव्वळ खरखर असतात आणि खरखरीचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरा मुद्दा पातळ्यांचा. फ्लॅकच्या ० ते ८ या पातळ्या गुणवत्तेच्या नाहीत, एन्कोडरने किती मेहनत घ्यायची त्याच्या आहेत. ८ निवडली तर फाइल बनवताना संगणकाला जास्त वेळ लागतो, वाजवताना प्लेअरवर जवळपास काहीच जास्त भार पडत नाही. उलगडणं नेहमीच हलकं असतं आणि तेही नुसत्या पूर्णांकांच्या गणितात. म्हणून तर २००३च्या रिओ कर्मासारख्या प्लेअरलाही फ्लॅक पेललं होतं. ‘पातळी ८मुळे प्लेअर अडखळतो’ असं कुठे वाचलंत तर कारण दुसरीकडे शोधा.

शून्य_एक

आता नऊ फाइली.

आधी वगळल्या जाणाऱ्या चार. हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडा आणि पहिले चार बाइट पाहा. अस्सल फ्लॅक फाइल ६६ ४सी ६१ ४३ अशी सुरू होते, म्हणजे ‘एफ-एल-ए-सी’ ही अक्षरं. तिथे ४९ ४४ ३३ दिसलं तर ते ‘आयडी३’ आहे. कुठल्यातरी टॅगिंग सॉफ्टवेअरने फ्लॅकच्या डोक्यावर एमपी३चा टॅग चिकटवला आहे. संगणकावरचे प्लेअर तो ओलांडून पुढे जातात. लहान प्लेअरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) पहिले चार बाइट बघतं, ओळख पटली नाही की फाइल सोडून देतं. आतला आवाज शंभर टक्के शाबूत असतो.

उपाय असा: टॅग एडिटरमधून आयडी३ काढून टाका आणि व्हॉर्बिस कॉमेंट (फ्लॅकचे स्वतःचे टॅग) तेवढे ठेवा. पण काढण्याआधी गाण्याची नावं व्हॉर्बिस कॉमेंटमध्ये खरंच आहेत ना ते तपासा. नावं फक्त आयडी३मध्येच असतील तर टॅगसोबत तीही जातील.

०:००वाल्या दोन. फ्लॅकच्या सुरुवातीला स्ट्रीमइन्फो नावाचा ब्लॉक असतो. त्यात नमुन्यांचा दर, बिट, एकूण नमुने आणि मूळ आवाजाचा एमडी५ (आवाज तोच आहे का हे ताडायचा आकडा) असतो. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात थेट प्रवाह सोडून फाइल बनवली असेल तर एन्कोडरला शेवटी मागे येऊन एकूण आकडा लिहिता येत नाही आणि तिथे शून्य राहतं. प्लेअर बिचारा त्या शून्यावर विश्वास ठेवतो. अशा फाइली अधिकृत फ्लॅक एन्कोडरने पुन्हा एन्कोड करा. फ्लॅकवरून फ्लॅक करताना टॅग टिकतात, आवाजाचा एकही बिट बदलत नाही आणि आकडा नीट बसतो. ‘व्हेरिफाय’ पर्याय चालू ठेवा, म्हणजे लिहिलेलं लगेच उलगडून मुळाशी ताडलं जातं.

वेळ बरोबर दिसते पण पुढे सरकवलं की प्लेअर भलतीकडे जातो, असंही काही फाइलींचं होतं. तिथे बहुधा सीकटेबल (फाइलीत कुठला क्षण कुठे आहे त्याच्या खुणांची यादी) नसतं. मेटाफ्लॅक या फ्लॅकसोबतच्या साधनाने दर १० सेकंदांना एक खूण घालून द्या.

अडखळणाऱ्या फाइलीबद्दल आत्ताच काही ठरवता येत नाही. कार्ड संगणकाला लावा आणि कार्डावरच्याच प्रतीवर फ्लॅकची चाचणी चालवा, हायफन-टी हा पर्याय. प्रत्येक फ्रेमला स्वतःची सीआरसी (बिघाड पकडणारा आकडा) असते आणि शेवटी एमडी५ जुळवला जातो, त्यामुळे एक बिट उलटला असेल तरी सापडतो. चाचणी नापास झाली तर कॉपी बिघडली आहे किंवा कार्ड मरायला टेकलं आहे. पास झाली तर मीडियाइन्फो या साधनात तिचा नमुन्यांचा दर पाहून इथे लिहा.

गोठणाऱ्या दोनांचं कारण चित्र. ३,००० बाय ३,००० पिक्सेलचं, पाच-सात एमबीचं मुखपृष्ठ फाइलीत असतं, प्लेअरचा पडदा जेमतेम ३२० पिक्सेलचा. ५०० बाय ५००, साधा बेसलाइन जेपेग, १००-१५० केबी एवढं पुरतं. प्रोग्रेसिव्ह जेपेग टाळा. कित्येक फर्मवेअर ते दाखवतच नाहीत, रॉकबॉक्सही (मूळ फर्मवेअरऐवजी घालायचं मोफत फर्मवेअर) नाही.

खर्ज

शून्य_एक यांचं निदान पटलं. चार वगळलेल्या फाइलींबाबत एक भर घालतो, कारण चौघींचं कारण एकच असेल असं नाही.

फ्लॅकमध्ये ‘सबसेट’ नावाची मर्यादा आहे. ४८ किलोहर्ट्झपर्यंतच्या फाइलींत ब्लॉक (एका वेळी उलगडायचा नमुन्यांचा गट) ४,६०८ नमुन्यांपेक्षा मोठा नको आणि प्रेडिक्टरची (अंदाज बांधणाऱ्या गणिताची) पायरी १२च्या वर नको. त्याहून वरच्या दरांना ब्लॉक १६,३८४पर्यंत चालतो. हार्डवेअर बनवणारे एवढीच मेमरी राखून ठेवतात. अधिकृत एन्कोडर ही मर्यादा ओलांडायची तर ‘लॅक्स’ हा पर्याय मुद्दाम द्यायला लावतो. पण ग्राफिक कार्डावर चालणाऱ्या एका एन्कोडरच्या ९ ते ११ या पातळ्या सबसेटच्या बाहेर जातात. अर्धा-एक टक्का जागा वाचते आणि त्या बदल्यात फाइल प्लेअरवर वाजेनाशी होते. मेटाफ्लॅकच्या यादीत ‘मॅक्सिमम ब्लॉकसाइज’ ४,०९६ दिसला तर निदान ब्लॉकचा प्रश्न नाही.

दुसरी शक्यता ३२ बिटांची. सप्टेंबर २०२२मधल्या १.४.० आवृत्तीपासून ३२ बिट पूर्णांकांचं फ्लॅक बनवता येतं. त्याआधी लिहिलेलं फर्मवेअर ते उघडत नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून फाइल काढताना बिटांचा आकडा चुकून ३२वर राहतो आणि प्लेअरपाशी आल्यावर कळतं.

तानपुरा

फ्लॅकचं समजलं. ज्या प्लेअरना फ्लॅक मुळीच कळत नाही त्यांचं काय? विशेषतः जुने आयपॉड. संग्रह फ्लॅकमध्ये आहे, अलॅक करताना काय सांभाळायचं?

गंधार

@तानपुरा, सगळ्यांत आधी धास्ती काढून टाका. फ्लॅकवरून अलॅक आणि अलॅकवरून फ्लॅक कितीही वेळा केलं तरी आवाजात काही गळत नाही. एका पेटीतलं धान्य दुसऱ्या पेटीत ओतण्यासारखं आहे. अलॅक २००४ साली आलं आणि ऑक्टोबर २०११मध्ये ॲपलने त्याचा कोड खुला केला, त्यामुळे बदलून देणारी साधनं भरपूर आहेत.

सांभाळायच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, अलॅक आणि एएसी दोन्ही एम४ए याच वेष्टनात येतात. नुसतं एक्स्टेन्शन बघून फाइल लॉसलेस आहे की नाही ते कळत नाही. बिटरेट पाहा: २५६ किलोबिटच्या आसपास असेल तर एएसी, ७०० ते १,०००च्या घरात असेल तर अलॅक. माहितीपत्रकात ‘एम४ए चालतं’ एवढंच लिहिलेला प्लेअर अलॅक वाजवेलच असं नाही, तिथे ‘अलॅक’ हा शब्द स्वतंत्र शोधा.

दुसरी, एफएफएमपेग वापरत असाल तर मुखपृष्ठावर लक्ष ठेवा. त्याच्या लेखी चित्र हा व्हिडिओचा प्रवाह असतो. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते चित्राचा एच.२६४ व्हिडिओ करायला जातं. मग प्लेअर ती फाइल गाणं म्हणून घेतच नाही. व्हिडिओ प्रवाह ‘कॉपी’ करायला सांगा आणि त्याला ‘अटॅच्ड पिक्चर’ अशी खूण द्या, नाहीतर चित्र गाळून नंतर वेगळं घाला.

तिसरी, जुन्या आयपॉडसाठी १६ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जाऊ नका. मूळ फाइल २४/९६ असेल तर आधी दर उतरवा, मग १६ बिट करताना डिदर (मुद्दाम मिसळलेली बारीक खरखर) द्या. दर उतरवण्याआधी एखादा डेसिबल आवाज खाली घ्या. शिखरं शून्याला टेकलेली असतील तर फिल्टरमधून जाताना ती वर उसळतात आणि कापली जातात.

आयफोनवर २०१७च्या आयओएस ११पासून फ्लॅक वाजतं, पण ‘फाइल्स’ ॲपमधून. ॲपलच्या म्युझिक लायब्ररीत ते घेता येत नाही, तिथे अलॅकच लागतं.

आयपॉडवर रॉकबॉक्स घालता आलं तर हा सगळा खटाटोपच नको. त्यात फ्लॅक, अलॅक, वेव्हपॅक, टीटीए सगळं चालतं.

खर्ज

त्या यादीत मंकीज ऑडिओही आहे, पण सावध राहा. एपीई फाइल बनवायला जेवढी मेहनत लागते जवळपास तेवढीच उलगडायलाही लागते. ‘एक्स्ट्रा हाय’ आणि ‘इन्सेन’ पातळीच्या फाइली जुन्या चिपवर वेळेत उलगडत नाहीत आणि गाणं तुटक ऐकू येतं. उलगडलं तरी बॅटरी भराभर उतरते. जागा जेमतेम दोन-चार टक्के वाचते. एपीई हाती आलं की फ्लॅक करून टाकावं, दुसरा विचार नको.

बावीस_श्रुती

मग सरळ वेव्हच का ठेवू नये? कार्डं आता मोठी आहेत, आणि प्लेअरला उलगडायचं काम नको. एकाच प्लेअरवर एकच गाणं वेव्ह आणि फ्लॅक दोन्हींत लावलं तर वेव्ह जास्त मोकळं, भरदार वाटतं. हे बऱ्याच जणांनी नोंदवलेलं आहे.

शून्य_एक

@बावीस_श्रुती, फरक ऐकू येतो हे मी नाकारत नाही. तो कुठून येतो ते शोधू या.

फ्लॅक उलगडून मिळणारे नमुने आणि वेव्हमधले नमुने तंतोतंत तेच असतात, स्ट्रीमइन्फोतला एमडी५ त्यासाठीच असतो. पण फ्लॅकमध्ये रिप्लेगेनचे (वेगवेगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारे) टॅग असतात आणि वेव्हमध्ये सहसा नसतात. रिप्लेगेन चालू असेल तर प्लेअर फ्लॅकचा आवाज ६ ते ९ डेसिबल खाली आणतो, वेव्हला तसाच सोडतो. एक डेसिबलचा फरकसुद्धा कानाला ‘जोरात’ असा न वाटता ‘मोकळा, भरदार’ असाच वाटतो. रिप्लेगेन बंद करा, इक्वलायझर बंद करा, मग पुन्हा ऐका.

तेवढ्यावर समाधान झालं नाही तर फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरच्या एबीएक्स चाचणीत (कुठली फाइल वाजते आहे ते न सांगता ओळखायला लावणारी) दोन्ही फाइली घाला. १६ फेऱ्यांत निदान १२ बरोबर आल्या पाहिजेत. नुसत्या अंदाजाने तेवढ्या येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते.

वेव्हच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. टॅगची सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे निम्मे प्लेअर नुसतं फाइलीचं नाव दाखवतात. सीआरसी किंवा एमडी५ नाही, म्हणजे फाइल बिघडली तरी कळायला मार्ग नाही. शिवाय फॅट३२ कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही. २४/१९२चं वेव्ह ६२ मिनिटांतच त्या भिंतीला धडकतं.

बावीस_श्रुती

रिप्लेगेन चालू होतं हे खरं. बंद केल्यावर दोन्ही सारखेच वाटताहेत. एबीएक्सही करून पाहते.

तानपुरा

रिप्लेगेन लावलं की लॉसलेसपणा जातो का? मग ते ठेवावं की नाही?

शून्य_एक

फाइलीतला आवाज बदलत नाही, टॅगमध्ये फक्त एक आकडा लिहिला जातो. वाजवताना प्लेअर त्या आकड्याने गुणतो, म्हणजे डॅककडे जाणारे बिट बदलतात, एवढं खरं. पण १६ बिटांची फाइल २४ बिटांच्या डॅककडे जाताना खाली ८ बिट मोकळे असतात. एका बिटाला ६ डेसिबल या हिशोबाने ४८ डेसिबलपर्यंत आवाज कमी केला तरी मूळ बिट गळत नाहीत. तेव्हा रिप्लेगेन खुशाल वापरा. मात्र ‘अल्बम गेन’ ठेवा. ‘ट्रॅक गेन’ने मुद्दाम हळुवार ठेवलेली आलापी आणि द्रुत एकाच पातळीवर येतात आणि मैफिलीचा चढ नाहीसा होतो.

खर्ज

आता सर्वांत दुर्लक्षित भाग, डॅकपर्यंतची वाट.

अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये (आणि फोनवर) सगळे आवाज एका मिक्सरमधून जातात. तो बहुधा ४८ किलोहर्ट्झवर चालतो. म्हणजे ४४.१ची फाइल कितीही काटेकोर रिप केलेली (सीडीवरून उतरवलेली) असली तरी वाटेत तिचं ४८ होतं. अँड्रॉइड ३.१पासून फ्लॅक उलगडतं खरं, पण उलगडणं आणि अबाधित पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यातून सुटायचे मार्ग: प्लेअरच्या निर्मात्याने मिक्सरला वळसा घातलेला असणं, स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं ॲप वापरणं, किंवा अँड्रॉइड १४पासून यूएसबी डॅकसाठी आलेली बिट-परफेक्ट सोय. ही सोय फोनने आणि ॲपने, दोघांनीही वापरायला हवी.

तपासायचं कसं? बऱ्याच डॅकवर दर दाखवणारा दिवा किंवा आकडा असतो. एक ४४.१ची आणि एक ९६ची फाइल पाठोपाठ लावा. दिवा बदलला नाही तर मिक्सर मधे आहे. यापेक्षा कडक परीक्षा डीएसडीची, म्हणजे एकेका बिटाच्या अतिवेगवान प्रवाहात साठवलेल्या आवाजाची. डीओपी पद्धतीत डीएसडी६४चे बिट १७६.४ किलोहर्ट्झच्या पीसीएमच्या (नेहमीच्या नमुन्यांच्या) वेषात पाठवतात आणि प्रत्येक २४ बिटांच्या नमुन्यात वरचे ८ बिट खुणेचे असतात. वाटेत कुणी आवाज एका पायरीने जरी कमी केला तरी खूण मोडते, डॅक त्याला डीएसडी म्हणून ओळखत नाही आणि नुसती खरखर येते. स्वच्छ आवाज आला तर वाट अबाधित आहे. ही परीक्षा घेताना हेडफोन कानातून काढून ठेवा, खरखर जोरात येऊ शकते.

आयफोनच्या लाइटनिंग-३.५ मिमी अडॅप्टरची मर्यादा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आहे. त्याच्या वरची फाइल वाजते, पण उतरवून.

गंधार

आणि ब्लूटूथ. इथे माहितीपत्रकांत फार गोंधळ असतो. ब्लूटूथच्या कोडेकपैकी एसबीसी नेहमीच्या वरच्या सेटिंगला ३२८ किलोबिट, ॲपटेक्स एचडी ५७६, एलडॅक जास्तीत जास्त ९९०. सीडीला लागतात १,४११. एलडॅक उत्तम आहे, पण तो लॉसी (आवाजातलं काही कायमचं गाळणारा) कोडेक आहे. ‘हाय-रेझ’चं बोधचिन्ह असलं तरी ते तसंच राहतं. शिवाय सिग्नल क्षीण झाला की तो ६६०, ३३०वर उतरतो. २०२१मध्ये जाहीर झालेला ॲपटेक्स लॉसलेस १६/४४.१ अबाधित नेऊ शकतो, पण दोन्ही टोकांना तोच हवा, आणि सिग्नल कमी झाला की तोही लॉसीवर येतो. कायम ब्लूटूथच वापरणार असाल तर घरी फ्लॅक आणि प्लेअरवर २५६चं एएसी ठेवायला माझी काहीच हरकत नाही. मूळ प्रत लॉसलेस असली की उद्या दुसरा कोडेक आला तरी तिच्यावरून नवी प्रत काढता येते. लॉसीवरून लॉसी केलं की मात्र दरवेळी थोडं गळतं.

वेलांटी

टॅगबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही. प्लेअर रोज वापरताना सगळ्यांत जास्त त्रास त्याचाच होतो.

देवनागरी टॅग: लहान प्लेअरमध्ये एकतर देवनागरीचा फाँटच नसतो, मग चौकोन दिसतात. किंवा फाँट असतो पण अक्षरं जुळवणारं इंजिन नसतं. मग ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षर फुटतं आणि मधे पाय मोडलेलं अक्षर दिसतं, ‘भक्ती’चं ‘भक्‌ती’ होतं. फाँट बदलून पहिला प्रश्न सुटतो, दुसरा सुटत नाही. घरच्या मूळ प्रतीत देवनागरी टॅग ठेवा. प्लेअरच्या प्रतीत शीर्षक रोमनमध्ये ठेवा. अँड्रॉइडवरच्या प्लेअरना ही अडचण नाही.

‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामं सोडू नका. वेगवेगळ्या गायकांच्या संकलनाचे प्लेअर तितकेच तुकडे करतो, एका अल्बमचे बारा अल्बम. ट्रॅकचा आकडा ‘१/१२’ असा लिहू नका, काही फर्मवेअर त्याचा शून्य करतात. आकड्याच्या रकान्यात नुसता आकडा, एकूण संख्या वेगळ्या रकान्यात. फाइलीच्या नावात ०१, ०२ असंच लिहा, नाहीतर १ नंतर १० लागतं.

तरीही क्रम चुकत असेल तर प्लेअर फॅटच्या यादीत ज्या क्रमाने नोंदी आहेत त्याच क्रमाने वाजवतो आहे. म्हणजे ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने. फॅटसॉर्ट नावाचं साधन कार्डावरच्या नोंदी नावाप्रमाणे लावून देतं.

मूळप्रत

@वेलांटी, वेलांटीचा त्रास तुमच्याइतका नेमका कुणी सांगितला नसता. धन्यवाद.

कार्डाचाच विषय निघाला आहे म्हणून: ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात. प्लेअर फक्त फॅट३२ ओळखत असेल तर तो ‘कार्ड नाही’ असं दाखवतो. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही, वेगळं साधन लागतं. फॉरमॅट करून झालं की प्लेअर मोठं कार्डही आनंदाने घेतो.

वेगाची काळजी नको. सीडी दर्जाच्या फ्लॅकला सेकंदाला ०.१२ एमबी लागतात, कच्च्या २४/१९२लाही १.१५ एमबीच. कुठलंही बरं कार्ड ते पेलतं. नवं कार्ड भरण्याआधी मात्र एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ने पूर्ण क्षमतेची लेखन-वाचन चाचणी घ्या. बनावट कार्ड स्वतःची क्षमता खोटी सांगतं, आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावापुरत्या उरतात.

तानपुरा

अख्खा अल्बम एकाच फ्लॅकमध्ये आणि सोबत क्यू फाइल (कुठलं गाणं कुठे सुरू होतं त्याची यादी) असते तेव्हा काय करायचं? प्लेअर ७० मिनिटांचं एकच गाणं दाखवतो.

गंधार

तुकडे करा. बरेच प्लेअर क्यू वाचत नाहीत, वाचतात तेही अर्धवट. क्यूटूल्स, फूबार२००० किंवा एसएचएनटूल, कशानेही होईल. सीडीवर एका सेकंदाचे ७५ भाग असतात, प्रत्येकात ५८८ नमुने, आणि क्यूमधल्या वेळा त्याच भागांत असतात. त्यामुळे तुकडे नमुन्यावर नेमके पडतात. सगळे परत जोडले तर मूळ फाइलीचाच आवाज मिळतो. क्यूमधली नावं विचित्र चिन्हांत दिसली तर ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये यूटीएफ-८ करून साठवा, मग तुकडे करा.

तुकडे केल्यावर दोन ट्रॅकच्या मधे टिचकी किंवा क्षणभर शांतता येत असेल तर दोष फाइलीत नाही. फ्लॅकमध्ये एकूण नमुने अचूक माहीत असतात, एमपी३सारखं पुढे-मागे भरताड नसतं. प्लेअर पुढची फाइल आधीच उघडून ठेवत नाही, किंवा दर ट्रॅकला डॅक बंद करून पुन्हा चालू करतो. सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू आणि ‘क्रॉसफेड’ बंद आहे ना ते पाहा. ४४.१नंतर ९६चा ट्रॅक आला तर मात्र डॅकचं घड्याळ बदलावं लागतं, तिथला छोटा खंड सहसा चुकत नाही.

बावीस_श्रुती

फाइल खरी लॉसलेस आहे की एमपी३वरून फुगवलेली, हे प्लेअरवर न्यायच्या आधी कसं ओळखायचं? एक्स्टेन्शन तर दोन्हींचं फ्लॅकच.

खर्ज

स्पेक या साधनात स्पेक्ट्रम (कुठल्या कंप्रतेला किती आवाज आहे त्याचं चित्र) पाहा. १२८च्या एमपी३वरून केलेल्या फाइलीत १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ आडवी रेघ मारल्यासारखं वरचं सगळं काळं असतं, ३२०वरून केली असेल तर २०च्या आसपास. अस्सल सीडी रिपमध्ये आवाज २२.०५कडे हळूहळू विरत जातो. ‘हाय-रेझ’ म्हणून आलेल्या ९६च्या फाइलीत २२.०५च्या वर काहीच नसेल तर बहुधा सीडीचाच दर वाढवून दिलेला आहे.

पण रेघ दिसली की लगेच निकाल देऊ नका. जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून घेतलेल्या आवाजात वरचे स्वर मुळातच नसतात, आणि खरखर कमी करणारे फिल्टरही वरचा भाग कापतात. स्वतः सीडी रिप करत असाल तर अ‍ॅक्युरेटरिपशी ताडणी करणारं साधन वापरा, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा मॅकवर एक्सएलडी. इतरांच्या रिपशी तुमचा चेकसम जुळला की त्या ट्रॅकबद्दल शंका उरत नाही.

शून्य_एक

बॅटरीचं राहिलं. फ्लॅकने बॅटरी खाल्ली अशी तक्रार हार्ड डिस्कवाल्या प्लेअरच्या काळातली आहे, आणि तेव्हा ती खरी होती. ३२ एमबी मेमरीचा प्लेअर घ्या, बफरला साधारण २८ एमबी मिळतात. १९२च्या एमपी३ने तो भरला की १९ मिनिटं पुरतो. ९०० किलोबिटच्या फ्लॅकने भरला की जेमतेम चार. म्हणजे डिस्क जवळपास पाचपट वेळा फिरायला उठते, बॅटरी तिथे जाते. कार्डावर फिरायला काही नाही, त्यामुळे हा फरक जवळपास संपला. आजच्या प्लेअरमध्ये पडदा, वायफाय आणि हेडफोनचा ॲम्प्लिफायर हेच मोठे खाणारे आहेत.

मूळप्रत

नऊ फाइलींचा निकाल नोंदवते.

वगळलेल्या चारपैकी तिघींची सुरुवात ४९ ४४ ३३ निघाली. आयडी३ काढला, तिघी वाजल्या. चौथीचे पहिले चार बाइट बरोबर होते. मेटाफ्लॅकमध्ये ब्लॉक ८,१९२ दिसला, ४४.१च्या फाइलीत. खर्ज यांनी सांगितलं तेच, सबसेटच्या बाहेरची. पातळी ८ने पुन्हा एन्कोड केली, आता चालते. ०:००वाल्या दोन्ही पुन्हा एन्कोड केल्यावर वेळ बरोबर दाखवतात. दोन चित्रं ५००वर आणली, गोठणं थांबलं.

अडखळणारी उरली. कार्डावरच्या प्रतीवर चाचणी पास, २४ बिट, १७६.४ किलोहर्ट्झ, ब्लॉक ४,०९६.

खर्ज

माहितीपत्रकात कमाल दराची ओळ नीट वाचा. ‘२४/१९२पर्यंत’ लिहिलेलं असूनही कंसात ४४.१, ४८, ९६, १९२ एवढेच दर दिलेले असतील, तर ८८.२ आणि १७६.४ हे दर तो प्लेअर थेट वाजवत नाही. मग तो तेवढ्यापुरता दर बदलत वाजवतो आणि चिप कमी पडली की अडखळतो. सॉक्स या साधनातून ८८.२ नको, सरळ ४४.१ करा, २४ बिट तसेच ठेवून. मूळ फाइल मात्र घरी जपून ठेवा.

मूळप्रत

कंसात तेच चार दर आहेत. ४४.१ केली, अडखळणं गेलं. २१४पैकी २१४.